अनेक हातांची गोधडी

कलाकृतीचें परीक्षण करावयास बसलें म्हणजे टीकाकाराचा पहिला प्रश्न ‘ही कोणाची?’ हा असतो. काव्य असो, चित्र असो, मूर्ति असो. कर्त्याचें नांव हातीं आल्यावांचून आमच्या लेखणीस बळ येत नाहीं. कर्त्याचा स्वभाव, त्याचें वय, त्याची पूर्वींची कामगिरी यांचा धागा धरून आम्ही कृतीपर्यंत जातों. पण एखादी वस्तु बाराजणींनीं मिळून केली असेल, त्यांतील एकीनें रंग निवडला, दुसरीनें आकार कातरला, तिसरीनें टांके घातले आणि चौथीनें केवळ सुई ओवून देत चार सुखदुःखाच्या गोष्टी सांगितल्या, तर त्या वस्तूची परीक्षा कोणत्या मापानें करावी? आमचें रसिकतेचें शास्त्र या प्रश्नापाशीं अडखळतें, आणि अडखळल्यावर बहुधा प्रश्नच क्षुल्लक ठरवून पुढें जातें. ‘बायकांचा विरंगुळा’ एवढा शेरा मारला कीं काम भागलें!

अमेरिकेंत व इंग्लंडांत गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांचीं जीं मंडळें आहेत आणि त्यांतील मैत्रिणींमध्यें तुकड्यांची जी अदलाबदल चालते, तिच्याविषयीं येथें कांहीं विचार मांडावयाचा आहे. विषय परका वाटेल. पण ज्या घरांत आजीच्या लुगड्यांची वाकळ अजून कपाटाच्या तळाशीं घडी होऊन पडली आहे, त्या घरास तो फार परका वाटूं नये.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. तिकडील गोधडीस, म्हणजे क्विल्टला, तीन थर असतात. वरचा थर तुकडे जोडून केलेला, किंवा एका कापडावर दुसऱ्या कापडाचीं पानेंफुलें कातरून बसविलेला, मधला कापसाचा अथवा लोंकरीचा, खालचा अस्तराचा. हे तिन्ही थर चौकटीवर ताणून आरपार टांक्यांनीं एकजीव करावयाचे. वरचा थर एकटीला मांडीवर घेऊन शिवतां येतो. चौकटीवर ताणलेल्या गोधडीस मात्र चारी बाजूंनीं हात लागले तर काम लवकर उरकतें. शेजारणींना बोलावण्याची चाल या गरजेंतूनच पडली. वरचा थर एकीचा आणि टांके सर्वांचे, अशी ही जुनी वांटणी आहे. पुढील विवेचनांत ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आजचीं मंडळें या चालीचीं वारसदार. ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डची स्थापना १९७९ सालीं झाली. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी १९८४ ची. आणि नव्या धर्तीच्या रचनेची आवड असणाऱ्यांचें मॉडर्न क्विल्ट गिल्ड २००९ सालीं लॉस एंजेलिस येथें सुरू झालें. मोठ्या संस्थांखेरीज गांवोगांवीं लहान मंडळें आहेत तीं निराळींच. महिन्यांतून एकदां जमावें, पुरें झालेलें काम सर्वांपुढें उलगडून दाखवावें, अडलेलें काम जाणतीस विचारावें, आणि मधूनमधून अदलाबदलीचा बेत करावा, हा त्यांचा साधा शिरस्ता. अदलाबदलीचा एक प्रकार असा: बाराजणी ठरवितात कीं प्रत्येकीनें एकाच नमुन्याचे बारा चौकोन शिवावयाचे. ते एकत्र करून वांटले म्हणजे प्रत्येकीच्या पदरीं बारा हातांचे बारा चौकोन येतात. दुसऱ्या प्रकारांत एकजण मधला भाग शिवून पुढें पाठविते. दुसरी त्याला एक किनार जोडते, तिसरी त्याबाहेर आणखी एक. आणि सर्वांची फेरी होऊन तें काम मूळ मालकिणीकडे परत येतें. तोंवर तें आपल्या कल्पनेंतलें राहिलेलें नसतें.

हा केवळ खेळ आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं त्यांतील हिशेब पाहावा. शिवणींत मुडपावयाची कड सामान्यतः पाव इंचाची धरतात. एका ओळींत पांच तुकडे जोडावयाचे तर चार शिवणी येतात आणि त्यांत मिळून आठ कडा मुडपल्या जातात. प्रत्येक कड इंचाच्या सोळाव्या भागानें अधिक मुडपली, तर चौकोन अर्धा इंच लहान भरतो. एकटीच्या कामांत ही चूक खपून जाईल, कारण तिचे सर्वच चौकोन सारखे लहान होतील. बाराजणींच्या कामांत ती खपत नाहीं. शेजारच्या चौकोनाशीं कड जुळत नाहीं आणि दोष कोणाचा तें सर्वांना दिसतें. म्हणून अदलाबदलींत भाग घेणाऱ्या स्त्रीस आपला हात दुसरीच्या हाताशीं मोजून पाहावा लागतो. मैत्रीच्या गोड शब्दाखालीं येथें एक कडक शिस्त आहे. मन दुखूं नये म्हणून वेडावांकडा चौकोन मुकाट्यानें स्वीकारावा कीं नाहीं, हा प्रश्न या मंडळांत नेहमींचाच आहे. आणि आमच्या साहित्यसभांत कित्येक वर्षें तो कोणी विचारलेला नाहीं, हेंहि येथें नमूद करावयास हरकत नाहीं.

अशा मित्रकृतीचा इतिहास जुना आहे. १८४० च्या सुमारास अमेरिकेंत सह्यांच्या गोधड्यांची मोठी आवड उत्पन्न झाली. कापडास न खाणारी पक्की शाई मिळूं लागली होती, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिमेकडे नव्या मुलखांत वसावयास निघालीं होतीं. निघणाऱ्या स्त्रीसाठीं तिच्या मैत्रिणी, आत्या, मावश्या एकेक चौकोन शिवीत आणि त्यावर आपलें नांव लिहीत. पुन्हां भेट होण्याचा संभव थोडा; तेव्हां तीं नांवें अंगावर पांघरूनच तिला नव्या घरांत निजावें लागे. त्याच सुमारास बाल्टिमोर शहरांत फुलांच्या परड्या, पक्षी, जहाजें, इमारती असे निरनिराळे चौकोन एकत्र आणून ज्या गोधड्या झाल्या त्या कौशल्याच्या दृष्टीनें फारच वरच्या दर्जाच्या आहेत. चौकोन निरनिराळे असूनहि त्यांतील उत्तम गोधड्या फुटक्या वाटत नाहींत, याचें कारण कोणा एका नजरेनें त्या चौकोनांची जागा ठरविलेली असते आणि भोंवतालची किनार सर्वांना एका घरांत आणते. संपादकाचें काम याहून निराळें काय असतें?

पण अनेक हातांच्या या कलेस एक काळी बाजूहि आहे. १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें सिअर्स रोबक कंपनीनें गोधड्यांची मोठी स्पर्धा ठेविली. मंदीचे दिवस, पहिलें बक्षीस हजार डॉलरांचें, चोवीस हजारांच्या आसपास गोधड्या आल्या. केंटकी राज्यांतील एका बाईस पहिलें बक्षीस मिळालें आणि ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांस भेट गेली. पुढें अनेक वर्षांनीं संशोधकांनीं उघडकीस आणलें कीं त्या बाईनें तींत स्वतः एक टांकाहि घातला नव्हता. मजुरीवर काम करणाऱ्या दुसऱ्या स्त्रियांनीं ती शिवली होती, आणि रोजगार जाईल या भीतीनें त्या गप्प राहिल्या होत्या. अनेक हात दोन्हीकडे आहेत. पण सह्यांच्या गोधडींत प्रत्येक हाताला नांव आहे आणि येथें सर्व हातांवर एकच नांव दडपलेलें आहे. तेव्हां ‘अनेकांनीं मिळून केलें’ हें वाक्य स्वतः कोणताच गुण दाखवीत नाहीं. तें कोणत्या नात्यानें केलें हें विचारल्यावांचून टीका पुरी होत नाहीं.

चित्रशाळेनें या वस्तूंकडे पाहिलें तें बरेंच उशिरां. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्यें १९७१ सालीं जोनाथन होल्स्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांनीं जमविलेल्या गोधड्या भिंतीवर टांगण्यांत आल्या. पलंगावरची वस्तु उभी होतांच तिच्यांतील रंगांची झुंज, आकारांची धीट मांडणी डोळ्यांत भरली. नव्या अमूर्त चित्रकलेनें जें मोठ्या घोषानें सांगितलें तें या बायकांनीं शंभर वर्षांपूर्वीं न बोलतां केलें होतें, असें अनेकांस वाटलें. हा लाभ मोठा होता. पण दोनच वर्षांनीं पॅट्रिशिया मैनार्डी या लेखिकेनें आपल्या निबंधांत मर्मावर बोट ठेविलें: गोधडी ही स्त्रियांची कला आहे, आणि तिच्या कर्त्या स्त्रियांस बाजूस सारून तिची स्तुति करणें ही खरी स्तुति नव्हे. आमच्या मतें दोन्ही पक्षांस आपआपलें सत्य आहे. भिंतीनें गोधडीचें रूप दाखविलें आणि तिचा संसार झांकला.

अलाबामा राज्यांत नदीच्या वळणांत वसलेल्या जीज् बेंड या वस्तींतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या या वादांत फार उपयोगी पडतात. गुलामांच्या वंशांतील या कुटुंबांनीं जुन्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरुणें केलीं. तीं २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत आणि त्यानंतर व्हिटनीमध्यें मांडलीं गेलीं, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आलीं. या वेळीं प्रत्येक गोधडीबरोबर ती करणारीचें नांव होतें. पण त्यांतील रचनेचा गुण कोठून आला? तेथेंहि रीत हीच कीं वरचा थर एकेकीनें आपल्या मनानें जोडावा आणि टांके घालावयास शेजारणींनीं जमावें. शेजारणीहून आपली मांडणी निराळी असावी, ही तेथें मानाची गोष्ट. संगतीनें त्यांची कल्पना बोथट झाली नाहीं. उलट पाहणारे जाणते डोळे जवळ असल्यामुळें ती अधिक धीट झाली.

आतां ललित वाङ्मयाची साक्ष घेऊं. सुझन ग्लास्पेल हिची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका १९१६ सालीं प्रॉव्हिन्सटाउन येथें प्रथम रंगभूमीवर आली. पुढल्या वर्षीं तिनें तीच वस्तु ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ या कथेंत मांडली. शेतकऱ्याचा खून झाला आहे, बायको संशयावरून तुरुंगांत आहे. पुरुष अधिकारी घरभर पुरावा शोधीत हिंडतात. दोघी बाया स्वयंपाकघरांत बसून तिची अपुरी गोधडी पाहतात. ही ती टांके घालून पुरी करणार होती कीं नुसत्या गांठी मारून, हा त्यांचा प्रश्न ऐकून पुरुष हंसतात. पण सर्व नाटक त्या प्रश्नांत आहे. चौकटीवर ताणून टांके घालावयास शेजारीण लागते. जागोजाग गांठ मारून थर अडकविणें हें एकटीला जमणारें काम आहे. त्या घरीं कोणी येत नव्हतें. शिवण एकसारखी चालत आली आहे आणि एका चौकोनांत एकाएकीं टांके सैरावैरा झाले आहेत. त्या चौकोनापाशीं तिचें मन तुटलें हें त्या दोघींना कळतें, कारण त्यांनाहि शिवतां येतें. मग एकजण ते वेडे टांके उसवून नीट घालूं लागते. आपण तिच्याकडे कधीं गेलों नाहीं, हाच खरा अपराध, अशी तिला टोंचणी लागते.

या नाटकाची वाखाणणी बहुधा न्यायाच्या दृष्टीनें केली जाते. आम्हांस त्यांत टीकाशास्त्राचा एक धडा दिसतो. पुरुषांना गोधडी दिसते, पण वाचतां येत नाहीं. बायांना ती वाचतां येते, कारण त्या त्याच कामांतून गेल्या आहेत. मंडळांत जमणाऱ्या मैत्रिणी एकमेकींना जें देतात त्यांत हें वाचन सर्वांत मोलाचें. दुसरीच्या टांक्यांवरून तिची घाई, तिचा उल्हास, तिचें आजारपण ओळखणारें कोणी असणें, यालाच सहृदय म्हणतात. संस्कृत साहित्यशास्त्रानें याहून अधिक कांहीं मागितलेलें नाहीं. आणि तें उसवून पुन्हां घातलेले टांके? ती माया आहे, आणि पुरावा पुसणेंहि आहे. लेखिका दोन्ही अर्थ शेवटपर्यंत जागे ठेवते, हें तिचें मोठेपण.

दुसरी साक्ष अॅलिस वॉकर हिच्या ‘एव्हरीडे यूज’ या १९७३ सालच्या कथेची. शिकून शहरांत गेलेली मुलगी डी घरीं येते आणि आजीनें जोडलेल्या, आई-मावशीनें चौकटीवर ताणून टांके घातलेल्या दोन गोधड्या मागते. त्यांत आजीच्या पोषाखाचे तुकडे आहेत, पणजोबांच्या यादवी युद्धांतल्या गणवेशाची एक चिमुकली चिंधीहि आहे. डीला त्या भिंतीवर टांगावयाच्या आहेत. धाकटी बहीण मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, अशी तिची तक्रार. आई गोधड्या मॅगीस देते. आणि तिचें उत्तर असें कीं फाटल्या तरी मॅगीला गोधडी शिवतां येते.

कथेचा कल स्पष्ट आहे, आणि वाचकाचें मन आईच्या बाजूस झुकतें. तरी डीवर थोडा अन्याय होतो, असें आम्हांस वाटतें. सर्वच गोधड्या रोज वापरल्या गेल्या असत्या, तर १९७१ सालीं भिंतीवर टांगावयास काय उरलें असतें? टांगणारांनीं टांगल्या म्हणून तर त्यांकडे पाहण्याची दृष्टि आली. पण डीचा दोष टांगण्याचा नाहींच. कॉलेजांत जातांना आई तिला एक गोधडी देत होती, तेव्हां तिनें ती जुनाट म्हणून नाकारली होती. आणि आजी-मावशीपाशीं बसून शिवणें शिकली ती मॅगी. डीला वारशाची वस्तु हवी आहे, वारशाची विद्या नको. वस्तु जपल्यानें परंपरा शंभर वर्षें दिसत राहते. विद्या दिल्यानें ती चालत राहते. दोहोंपैकीं एकच निवडण्याची पाळी आली, तर आईनें निवडलें तेंच योग्य.

आजच्या मंडळांवर घेतला जाणारा मोठा आक्षेप येथें तपासला पाहिजे. आक्षेपक म्हणतात, पूर्वींच्या बायकांनीं जुनें फाटलें म्हणून तुकडे जोडले. या तर दुकानांतून कोरें कापड आणतात, तें मुद्दाम कापतात आणि पुन्हां जोडतात. छापील नमुने, बरोबर जुळणारे रंग, आधींच कातरलेल्या कापडाच्या गड्ड्या. यांत कला ती कोठली? या म्हणण्यांत तथ्य आहे. अदलाबदलींत सर्वांना पटेल असा नमुना निवडावा लागतो, आणि सर्वांना पटणारें तें बहुधा कोणाच्याच जिवाचें नसतें. जुन्या वांटणींत वरचा थर एकीचा होता. अदलाबदलीनें तोहि वांटून टाकला. म्हणून अशा पुष्कळ गोधड्या नीटनेटक्या असतात, गोड असतात आणि विसरल्या जातात. पण गरिबी हाच कलेचा उगम असें मानून सुस्थितींतील स्त्रीस हिणविणें हीहि एक भाबडी समजूतच आहे. बाल्टिमोरच्या त्या उत्तम गोधड्या चिंध्यांच्या नव्हत्या. त्यांतहि चांगलें नवें कापड होतें. तेव्हां परीक्षेचें माप कापडाच्या वयांत शोधूं नये. एकाच्या हातून न होणारें असें कांहीं अनेकांच्या हातून झालें आहे काय, प्रत्येक हात ओळखूं येतो काय, आणि त्या हातांना एकत्र आणणारी नजर आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्याचें उत्तर नाहीं असेल तर ती केवळ मजुरीची वांटणी. दुसऱ्याचें नाहीं असेल तर ती छापील वस्तु. तिसऱ्याचें नाहीं असेल तर तें नुसतें गांठोडें.

या तिन्ही प्रश्नांस मोठ्या प्रमाणावर उत्तर देणारी एक गोधडी आमच्याच काळांत झाली. एड्सनें मेलेल्यांची नांवें घेण्यासहि लोक कचरत होते, तेव्हां क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेनें सॅन फ्रॅन्सिस्को येथें स्मृतिगोधडीचें काम सुरू झालें. प्रत्येक मृतासाठीं तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढा, एक पट्टा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या हिरवळीवर असे १,९२० पट्टे अंथरले गेले. पुढें त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरांत गेली. शिवणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पूर्वीं सुई धरलेली नव्हती. टांक्यांच्या सफाईवरून परीक्षा केली तर त्यांतले कितीतरी पट्टे नापास होतील. पण तेथें प्रत्येक ओबडधोबड टांका एका माणसाच्या हाताची खूण आहे, आणि सारखें माप ही एकच शिस्त त्या सर्वांस एका शोकांत बांधते.

आतां घराकडे वळूं. आमच्या वाकळेस तिकडच्यासारखा कापसाचा थर बहुधा नसतो. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे पदरावर पदर घालून धांवदोऱ्यानें त्या शिवल्या जातात. कर्नाटकांतील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्या आफ्रिकी पूर्वजांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणलें होतें, कडेपासून आंत मध्याकडे शिवीत जातात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचीं ‘फुलें’ बसवितात. बंगालच्या कांथेवर स्टेला क्रॅमरिश यांनीं १९३९ सालींच विद्वत्तापूर्ण निबंध लिहिला. आमच्या वाकळेच्या वाट्याला मात्र टीकाकार फारसा आलेला नाहीं. तिची ‘मायेची ऊब’ सर्वांनीं गाइली, तिची मांडणी थोड्यांनींच पाहिली. मायेची स्तुति करून कारागिरीची चौकशी टाळणें, हा आमच्याकडे स्त्रियांच्या कामाचा ठरलेला सत्कार आहे.

हें अपरिहार्य नाहीं, याचा दाखला आमच्याच भाषेंत आहे. जात्यावरच्या ओव्या ही अशीच अनेक कंठांची रचना: एकीनें चरण टाकावा, दुसरीनें उचलावा, तिसरीनें आपल्या भावाचें नांव घालून तो फिरवावा. साने गुरुजींनीं त्या जमवून ‘स्त्री-जीवन’ प्रसिद्ध केलें, तेव्हां सुशिक्षितांस त्यांतलें काव्य दिसलें. पुढें हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनीं गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या स्त्रियांचीं व त्यांच्या गांवांचीं नांवेंहि नोंदविलीं. ओवी कोणाएकीची नव्हे. तरीहि ती कोणी गाइली हें सांगतां येतें. वाकळेच्या बाबतींत तेवढें कां होऊं नये?

आज शहरांतून गोधडी पुन्हां आवडीची होत आहे. ती विकतहि मिळते आणि दिवाणखान्यांत टांगलीहि जाते. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु पैसे देऊन शिवून घेणारीचें नांव पुढें आणि शिवणारीचें मागें, ही १९३३ सालची चाल आमच्या घरांत शिरूं नये. अदलाबदल करणाऱ्या त्या परदेशी मैत्रिणींपासून घेण्यासारखें त्यांचे नमुने नव्हेत. त्या एकत्र बसतात, एकमेकींचें काम कसून पाहतात, आणि चौकोनाच्या पाठीमागें किंवा गोधडीच्या कोपऱ्यांत करणारीचें नांव व साल लिहून ठेवतात, एवढें घेतलें तरी पुरे. ज्या घरीं वाकळ असेल तेथें ती एकदां उन्हांत पसरावी, तिच्यांतलीं लुगडीं कोणाचीं आणि टांके कोणाचे हें घरांतल्या वडील बाईस विचारावें, आणि तीं नांवें तिच्याच हातून कापडावर उमटवून घ्यावीं. हें विचारण्याजोगीं माणसें प्रत्येक घरांत फार दिवस राहणार नाहींत.